विषय टाळून दुःख जात नाही

बाळ गेलेल्या बाईबद्दल "तिच्यासमोर बाळाचा विषयच काढू नका, हळूहळू विसरेल" असा सल्ला लोक देतात, तो मला अजिबात पटत नाही. आमची मुलगी तीन दिवस जगली. चौथ्या दिवशी मला दूध आलं, आणि असं होईल हे कुणी सांगितलंच नव्हतं. छाती दगडासारखी, गाऊन ओला. मोठ्या जाऊबाई रात्रभर गार पाण्याच्या घड्या बदलत बसल्या. मी बोलत राहिले, तिचे कान थेट ह्यांच्यासारखे होते वगैरे. एकदाही त्या "जाऊ दे आता" म्हणाल्या नाहीत. सासूबाईंनी शिवलेली कुंची देऊन टाकायच्या आधी मला विचारलं, "ठेवू का गं?" ती अजून माझ्या कपाटात आहे. ह्यांची विचारपूस मात्र कुणीच केली नाही, ते आजही सलतं.

रजेचंही सांगते. केंद्र सरकारी नोकरीतल्या बाईला, मृत बाळ जन्मलं किंवा जन्मानंतर २८ दिवसांच्या आत बाळ गेलं, तर ६० दिवसांची विशेष प्रसूती रजा मिळते. आदेश सप्टेंबर २०२२ चा आहे, हयात मुलं दोनपेक्षा कमी असावी लागतात. तिला स्वतःला हे शोधायचं भान नसतं, घरच्यांनी अर्ज लिहून द्यावा.