मदत हवी आहे: आठवीतल्या भाचीला 'माऊस' वाचायला द्यावं का?

नमस्कार मंडळी, मी साताऱ्याचा. आर्ट स्पीगेलमन या अमेरिकन चित्रकाराचं 'माऊस' हे चित्रकादंबरीचं (म्हणजे कॉमिकसारखं चित्रांतून गोष्ट सांगणारं) पुस्तक नुकतंच वाचून संपवलं. ज्यू म्हणजे उंदीर, नाझी म्हणजे मांजरं, आणि मुलगा, म्हणजे लेखक स्वतःच, म्हाताऱ्या बापाकडून नाझी छळछावणीची खरी हकिकत ऐकतोय. १९९२ साली याला पुलित्झर या अमेरिकेतल्या मानाच्या पुरस्कारांपैकी खास पुरस्कार मिळाला होता. मला छावणीपेक्षा तो चिक्कू, हेकट बापच जास्त लक्षात राहिला. असे म्हातारे आपल्याकडेही घरोघरी असतात की!

अडचण अशी, की आठवीतल्या भाचीने पुस्तक टेबलावर बघितलं आणि आता हट्ट धरून बसलीय. ताई म्हणते, "चित्रांचं पुस्तक आहे ना, दे की!" तिला आत काय आहे ते माहीत नाही. लेखकाच्या आईच्या आत्महत्येची चार पानं तर मलाच जड गेली. तुमच्यापैकी कुणी या वयाच्या मुलांना दिलंय का? सोबत बसून वाचावं, की दोन वर्षं थांबावं?

आणि मूळ मराठीतच लिहिलेली, मोठ्यांसाठीची चित्रकादंबरी कुणी वाचली असेल तर नाव सांगा. भिलारला पुस्तकांच्या गावात चक्कर मारणारच आहे, पण नाव हाताशी असलेलं बरं.