अंबलंगोडाचा मुखवटा: तोंड मुद्दाम वाकडं असतं का?

डोंबिवलीची_सून:
गेल्या महिन्यात श्रीलंकेत फिरून आलो. कोलंबोहून गॉलला जाताना ड्रायव्हरने अंबलंगोडाला मुखवट्यांच्या दुकानापाशी गाडी थांबवली. बाकीचे नागफण्यांचे भपकेदार मुखवटे घेत होते, मी कोपऱ्यातला एक वीतभर, धुळकट उचलला. नाक-तोंड डावीकडे ओढलेलं. घरी सासूबाई बघताक्षणी म्हणाल्या, "अगं, लकवा झाल्यावर आपले अण्णा असेच दिसायचे!" नवरा म्हणतो, कारागिराचा हात हललाय, बिघडलेला माल तुझ्या गळ्यात मारला. खरं का? भिंतीवर लावायला सासूबाईंचा विरोध आहे.

कोलंबो_रिटर्न:
हात हललेला नाही, तो कोर सन्निया दिसतोय. सिंहलीत कोर म्हणजे लंगडा. पांगळेपण आणि लकवा त्याच्या खात्यात. असे अठरा सन्नि यक्ष, ज्याचा त्याचा आजार वेगळा. काण सन्निया आंधळेपणाचा, बिहिरी बहिरेपणाचा. आपल्या सन्निपातातला सन्नि तोच, आणि वात, पित्त, श्लेष्म हे तिघंही त्या अठरांत आहेत! म्होरक्या कोल सन्नि. त्याची जन्मकथा थेट वैशालीच्या राजवाड्यातली.

मी एकदा रात्रभर तोविल, म्हणजे हे मुखवटे घालून नाचत रोग उतरवायचा विधी, बघत बसलो होतो. रोगी समोर, ढोल चालू. यक्ष थयथयाट करत येतो आणि ढोलवाला त्याचीच उलटतपासणी घेतो: कुठून आलास, कशाला आलास? यक्षाची उत्तरं इतकी वेडगळ की पहाटेपर्यंत रोगीसुद्धा फिदीफिदी हसत होता. मग बुद्धाची आज्ञा मानून, नैवेद्य घेऊन स्वारी चालती होते.

नागफण्यांचे ते नाग राक्ष. कोलम नावाच्या लोकनाट्यातले, त्यांचा दुखण्याशी संबंध नाही.

सुतारपक्षी:
वजनाला हलका लागतो ना? कदुरु लाकूड असणार, दलदलीत वाढणारं, मऊ. खाली पिठासारखा भुगा पडतोय का, लक्ष ठेवा. आणि डोळ्यांना आरपार फटी आहेत का बघा. नाचणाऱ्याला दिसायला हवं. शोभेच्या मुखवट्यांना बहुधा नसतात.

डोंबिवलीची_सून:
फटी नाहीत. म्हणजे शोभेचाच, नवरा खूश. पण सासूबाईंची परवानगी मिळाली. म्हणाल्या, "आरपार दिसतच नाही त्याला, मग नजर कुणाला लावणार? लाव."