रामबागेतली विहीर बुजवायची की ठेवायची? शेजारच्या बोअरिंगला हरकत घेता येते का?

वाड्यातली वहिनी:
नमस्कार मंडळी. इंदूरला रामबागेत आमच्या मागच्या अंगणात आजेसासऱ्यांनी खणवलेली विहीर आहे. व्यास दहा फूट, खोली पंचेचाळीस. वर दगडी बांधणी, मग मुरूम, तळाशी काळा पाषाण. 1978 साली शहरात नर्मदा आली, घरात नळ लागला आणि रहाट निघाला, पण विहीर वापरात राहिली. नळ एक दिवसाआड. त्यामुळे बाग, फरशी, मोरी सगळं विहिरीवर. प्यायला नाही घेत.

पूर्वी मे महिन्यातसुद्धा बादली बुडायची. आता गुढीपाडव्यालाच तळ दिसतो. शेजारचा वाडा पाडून चार मजली इमारत झाली, त्यांनी साडेपाचशे फूट बोअरिंग केलं, आणि आमच्या मते तेव्हापासूनच हे सुरू झालं. दीर म्हणतात बुजवून टाका, गाडी तरी उभी राहील. 2023च्या रामनवमीला इथल्याच बेलेश्वर महादेव मंदिरातल्या बावडीवरचा (जुन्या विहिरीवरचा) स्लॅब खचून 36 माणसं गेली, तेव्हापासून त्यांनी विहिरीची धास्तीच घेतली आहे. ठेकेदार मलबा फुकट टाकून देतो म्हणतो. (का फुकट, ते मला कळतं. त्याला मलबा टाकायला जागा हवी आहे.)

शेजाऱ्यांच्या बोअरला हरकत घेता येते का? आणि छताचं पाणी विहिरीत सोडलं तर ते आमच्याकडे राहील की तेच ओढून नेतील? दिरांना उत्तर द्यायचं आहे, तेव्हा जरा पक्कं सांगा.

विजयनगरचा भाडेकरू:
वहिनी, बुजवा. घर विकायला काढाल तेव्हा विहिरीमुळे गिऱ्हाईक मागे सरतं. आमच्याकडे तर बोअरसुद्धा आटलं, सगळी बिल्डिंग टँकरवर आहे आणि कुणाचं काही अडत नाही.

सुदामानगरचे काका:
अडत नाही कसं? टँकर भरतो तोही कुणाच्या तरी विहिरीवर नाहीतर बोअरवरच.

वहिनी, माझी नोकरी पाण्याच्या खात्यात गेली, म्हणून जरा लांब लिहितो. आधी कायदा. 1882च्या सुखाधिकार कायद्याच्या कलम 7 प्रमाणे आपल्या हद्दीत जमिनीखाली जे पाणी आहे, ठरावीक प्रवाहात वाहत नाही, ते काढायचा हक्क जमीनमालकाचा. तो तुमचा आहे, तसा शेजाऱ्यांचाही आहे. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या 2020च्या मार्गदर्शक सूचनांत एकेकट्या घराच्या घरगुती वापराला परवानगीतून सूट आहे, सदनिकांच्या इमारतींना मात्र ती सरसकट नाही. राहिला मध्य प्रदेशचा 1986चा पेयजल परिरक्षण अधिनियम. उन्हाळ्यात कलेक्टर जिल्हा जलअभावग्रस्त जाहीर करतात आणि मग एसडीएमच्या (उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या) परवानगीशिवाय नवं खासगी बोअर करता येत नाही, ते याच कायद्याखाली. पण तिथे रोख नव्या बोअरवर असतो. चालू असलेलं घरगुती बोअर त्यातून बंद करवाल, ही आशा धरू नका. वकिलाला पैसे देण्याआधी दोन गोष्टी बघा.

पहिली: कोजागरीच्या सुमारास पाणी कुठपर्यंत येतं? पूर्वीइतकं वर येत नसेल, तर मुरतच नाहीये. गल्लीत सिमेंटचा रस्ता, अंगणात फरशा, पाणी जाणार कुठून? बोअरला शिव्या देऊन उपयोग नाही. पण पूर्वीइतकंच वर येऊन लवकर उतरत असेल, तर कुठून तरी निसटतंय.

दुसरी: त्या बोअरला केसिंग (भोक ढासळू नये म्हणून वरच्या भागात घातलेला पाइप) किती फूट आहे ते विचारा. माळव्याचा खडक थराथरांचा. वर काळी माती, मग मुरूम आणि भेगाळलेला खडक, विहिरींचं पाणी त्यातलं. खाली टणक पाषाण, मध्ये कुठे लाल मातीचा थर, आणि बोअरवाल्यांना हव्या असलेल्या भेगा आणखी खोल. बोअर करणारे मुरूम संपला की केसिंग थांबवतात, पुढे भोक उघडंच. वरच्या भेगांतलं पाणी केसिंगच्या खालून त्या भोकात शिरतं आणि तळाला जातं. पंप बंद असला तरी जातं! दुपारी पंप थांबलेला असताना बोअरचं झाकण काढून कान लावा. पाणी पडल्याचा आवाज आला तर तुमची विहीर तिकडे रिकामी होते आहे.

लोकमान्यनगरची ताई:
काका म्हणतात ते खरं, पण मोजल्याशिवाय शेजाऱ्यांच्या दारात जाऊ नका. आमच्या गल्लीत विहिरीवाले आणि बोअरवाले मिळून एक वही ठेवतो. सुतळीला वजन, फुटाफुटावर गाठ, कठड्यावर ऑइलपेंटची एक खूण, माप नेहमी तिथूनच. केंद्रीय भूजल मंडळाचे लोक जानेवारी, उन्हाळा, ऑगस्ट आणि नोव्हेंबर असं वर्षातून चारदा मोजतात, आम्हीही तेच महिने धरले. वही नव्हती तोवर नुसती भांडणं होती. ज्याचं बोअर चालू त्याला सगळं ठीक वाटायचं, ज्याची विहीर आटली त्याला सगळे चोर वाटायचे. आकडे दिसल्यावर पाइप लावून गाड्या धुणं आपोआप कमी झालं. एक गृहस्थ अजून धुतात, असो.

तुमच्या मापाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे जवळजवळ 2,200 लिटर. आणि 1,200 चौरस फुटांच्या छतावर इंदूरच्या सरासरी पावसात, वाया जाणारं सोडून, 80,000 लिटरच्या पुढे पाणी पडतं. ते गटारात का घालवायचं? पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडा, नंतरचं गोटे, खडी, वाळू अशा गाळणीतून विहिरीत. शेजारच्या इमारतीचं छत तर मोठं असेल. नवं बांधकाम आहे, नकाशा पास करताना पावसाचं पाणी मुरवायची सोय दाखवली असणार. ती कुठे आहे ते सेक्रेटरींना प्रेमाने विचारा. नसेल तर त्यांचा पाइप तुमच्याकडे घ्या.

सुदामानगरचे काका:
ताई, एक दुरुस्ती. श्रावण-भाद्रपदात विहीर आधीच भरलेली असेल तर छताचं पाणी ती घेणार कुठे? वरचं वर परत नालीत. आणि भोक उघडं असेल तर भरलेलंही पुन्हा निसटेल. म्हणून आधी केसिंग, मग छत.

वाड्यातली वहिनी:
मंडळी, बघितलं. कोजागरीला पाणी अकरा-बारा फुटांवर येतं, माझं लग्न होऊन आले तेव्हाही तिथेच असायचं. म्हणजे मुरतंय. शेजारच्या सेक्रेटरींना भेटले. भले आहेत बिचारे, त्यांना केसिंग म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, पण बोअरची पावती काढून दिली. केसिंग तीस फूट! माझी विहीर पंचेचाळीस. चौकीदाराने झाकण उघडलं, दिरांनी स्वतः कान लावला आणि म्हणाले, "वहिनी, आत नळ चालू ठेवलाय कुणी तरी."

आता दीर बुजवायचं म्हणत नाहीत. त्यांचा सगळा राग बोअरवर गेला आहे, तो आवरायचं काम माझ्याकडे. काका, झालेल्या बोअरला आता काय करता येतं?

सुदामानगरचे काका:
येतं. आतून कमी व्यासाचा पाइप टणक खडकापर्यंत उतरवायचा आणि भोवतालच्या फटीत सिमेंट भरायचं. पंप त्या पाइपातून जायला हवा, म्हणून आधी व्यास मोजा. खर्च आहे, पण तो निम्मा-निम्मा करायला हरकत नाही. त्यांना पटवताना हे सांगा की वरच्या थरातलं पाणी म्हणजे नाल्यांचा आणि संडासांचा पाझरही आला, तो थेट त्यांच्या बोअरमध्ये उतरतो आहे. तुमची विहीर आटते यापेक्षा हे जास्त लागू पडेल.

विजयनगरचा भाडेकरू:
माझं बुजवायचं मत मागे. पण बेलेश्वरचं नाव निघालं आहे तर वर स्लॅब टाकू नका. लोखंडी जाळी बरी, खालचं दिसतं तरी.

लोकमान्यनगरची ताई:
जाळीच. खालच्या अँगलना गंज लागतो, दर पावसाळ्यानंतर ते तपासा, आणि एका बाजूला कुलपाचं झाकण ठेवा, सुतळी सोडायला आणि गाळ काढायला. पाणी वापरण्याआधी ब्लीचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, बादलीत कालवून वरचं निवळ पाणी ओतायचं आणि तासभर थांबायचं. गाळ उन्हाळ्यातच काढून घ्या. माणूस आत असताना डिझेलचा पंप विहिरीत उतरवू देऊ नका, ठेकेदार कितीही म्हणाला तरी. त्या धुराने माणसं मरतात. वर ठेवलेला पंप इतक्या खोलून पाणी ओढू शकत नाही, तेव्हा माणूस उतरण्याआधीच विजेच्या सबमर्सिबल (पाण्यात बुडणाऱ्या) पंपाने पाणी काढून घ्या.