वंशावळीवर मार्कर आणि ट्रेट एकत्र कसे बघायचे?

लोंबी: मंडळी, गव्हाच्या ४०० च्या आसपास लाइन्स (पैदाशीतले वेगवेगळे वंश) आहेत, आई-बाप एक्सेलमध्ये, एसएनपी मार्कर (डीएनएतल्या एका अक्षराच्या फरकाच्या खुणा) दुसऱ्या फाइलीत, तांबेरा, उंची आणि फुलोऱ्याचे दिवस हे ट्रेट म्हणजे गुण तिसऱ्याच फाइलीत. मला हे एकाच झाडावर बघायचंय, म्हणजे तांबेऱ्याला दाद न देणारा गुण कुठल्या पूर्वजाकडून खाली आलाय ते कळेल. आर या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमधलं किनशिप२ हे वंशावळीचं पॅकेज लावलं तर ते प्रत्येकाचं लिंग मागतं आणि सेल्फिंगच्या (स्वतःच्याच परागाने फळलेल्या) लाइनला अडतं. काय वापरता तुम्ही?

रानवाट: ते माणसांच्या कुटुंबांसाठी आहे हो, तिथे एकच जण आई आणि बाप दोन्ही कसा असणार? आपल्याकडे तीच लाइन एका क्रॉसमध्ये (संकरात) मादी, दुसऱ्यात नर. हीलियम बघा, स्कॉटलंडच्या जेम्स हटन इन्स्टिट्यूटचं, वनस्पतींच्या वंशावळीसाठीच केलेलं, ट्रेटप्रमाणे रंग देता येतात. मार्करसाठी त्यांचंच फ्लॅपजॅक, एक लाइन धरून बाकीच्या तिच्याशी कुठे जुळतात ते रंगात दिसतं. बॅकक्रॉसला (एकाच पालकाशी परत परत संकर) तर हवंच, बीसी३ मध्ये, म्हणजे तिसऱ्या बॅकक्रॉसनंतर, त्या पालकाचा वाटा सरासरी ९३.७५ टक्के म्हणतो आपण, पण एकेक रोप त्याच्या बरंच खाली-वर असतं.

पेरणी: नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनचं पेडिमॅपही आहे, अ‍ॅलील (जनुकाचं एक रूप) कुठल्या मूळ पूर्वजाचा याची शक्यता वंशावळीवरच दाखवतं, फक्त त्या शक्यता आधी दुसरीकडे काढून आणाव्या लागतात.

चाळण: ताई, सॉफ्टवेअर कुठलंही घ्या पण आधी नावं साफ करा, माझ्याकडे एकच वाण तीन स्पेलिंगने होता आणि झाडावर तीन वेगळे पूर्वज उगवले, दोन महिने मी त्यावरून चुकीचे क्रॉस ठरवत बसलो. वंशावळ ए/बी//सी अशी लिहिलेली असेल तर ए आणि बी चा क्रॉस आधी, मग सी, आणि मादी डावीकडे. आणि मार्करने पालक तपासा, आई-बाप दोघं एए आणि पोर बीबी (इथे ए, बी ही मार्करची दोन रूपं) असं एखाद्या मार्करला दिसलं तर वाचनातली चूक असेल, शेकडो मार्करला दिसलं तर पालकच चुकलाय.

लोंबी: चाळण दादा, केलं तसं. ११ लाइन्स पालकांशी नाही जुळल्या, आणि हीलियममध्ये त्यांना रंग दिला तर ७ एकाच मादीखाली! बियाण्याचं पाकीट बदललं असणार. शिल्लक बियाण्याचा डीएनए परत काढतेय, तोवर ती फांदी बाजूला ठेवलीय.