टेबल एक, संगणक दोन : तुमचं कसं चाललंय?

माझा पीसी आणि ऑफिसचा लॅपटॉप एकाच टेबलावर नांदतात. मॉनिटर एक, कीबोर्ड-माऊसची जोडी एक. सकाळी एचडीएमआय केबल उपसून लॅपटॉपला लावायची, संध्याकाळी परत पीसीला. परिणाम : लॅपटॉपचं पोर्ट ढिलं झालंय, धक्का लागला की स्क्रीन काळी. तुम्ही काय करता? कशाचा पस्तावा झाला तेही लिहा.

* * *

अहो, उपसता कशाला? मॉनिटरला बहुतेक दोन-तीन इनपुट असतातच. माझा पीसी डिस्प्लेपोर्टवर, लॅपटॉप एचडीएमआयवर, दोन्ही कायमचे जोडलेले. मॉनिटरच्या बटणाने इनपुट बदलायचं, कीबोर्ड-माऊससाठी साधा यूएसबी स्विच. दोन बटणं दाबायची, संपलं.

* * *

दोन बटणांचाही कंटाळा म्हणून मी केव्हीएम स्विच घेतला. एका बटणात कीबोर्ड, चित्र, माऊस सगळं इकडून तिकडे. पण तो निघाला एचडीएमआयच्या जुन्या १.४ आवृत्तीचा! ४के मॉनिटरवर ३० हर्ट्झच मिळायचे, म्हणजे सेकंदाला तीसच चित्रं, माऊसचा बाण अडखळत चालायचा. ६० साठी निदान २.० लागतं.

मग २.० वाला आणला, तर वेगळीच तऱ्हा. पीसीकडे वळलं की लॅपटॉपला वाटायचं मॉनिटर काढून नेला, आणि मांडून ठेवलेल्या सगळ्या खिडक्या त्याच्या इवल्याशा स्क्रीनवर गोळा. रोज दहा वेळा आवराआवर. शेवटी कळलं की मॉनिटर संगणकाला आपली ओळख कळवत असतो, तिला ईडीआयडी म्हणतात. स्विच दुसरीकडे असतानाही ती ओळख देत राहणारे केव्हीएम मिळतात. तिसऱ्या खेपेला तसला घेतला. आधीचे दोन खणात आहेत, कुणाला हवेत का?

* * *

माझ्या मॉनिटरमध्येच केव्हीएम आहे. लॅपटॉपला यूएसबी-सीची एकच केबल : चित्र, चार्जिंग, कीबोर्ड, सगळं तिच्यातून. सुरुवातीला फोनच्या चार्जरची केबल लावली होती. चार्जिंग होई, चित्र येईना. दोन दिवस मॉनिटरला शिव्या घातल्या. दिसायला सारख्या असल्या तरी सगळ्या यूएसबी-सी केबल चित्र नेत नाहीत.

* * *

तीन उपकरणांना जोडता येणारा ब्लूटूथ कीबोर्ड वापरते. छान आहे, फक्त ऑफिसच्या लॅपटॉपला विंडोज सुरू होण्याआधी डिस्कचं कुलूप उघडणारा पिन लागतो आणि तेव्हा ब्लूटूथ जागंच नसतं. रोज सकाळी झाकण उघडून पिन, मग परत बंद.

* * *

दोन्हीकडे एकच माऊस चालवणारं सॉफ्टवेअर टाकायला आमच्या आयटीने नकार दिला. राग आला होता, पण विचार केला तर बरोबरच आहे. त्यात क्लिपबोर्डही सामायिक होतो. घरी कॉपी केलेला बँकेचा पासवर्ड ऑफिसच्या चॅटमध्ये चिकटवला असता मी!

* * *

दोन बटणांवाल्यांनो, जपून. मी मॉनिटर पीसीवर आणला, यूएसबी स्विच दाबायचा विसरले. बहिणीसाठी साहेबांबद्दल चार ओळी टाइप केल्या, स्क्रीनवर काही उमटेना, म्हणून एंटर आपटलं. ओळी टीमच्या ग्रुपवर. तेव्हापासून आधी कीबोर्ड, मग चित्र.

* * *

धागा काढणारी मीच. यूएसबी स्विच आणलाय, केबलींना आता हात लावत नाही. पोर्ट ऑफिसने दुरुस्त करून दिलं. "एवढी ओढाओढ कोण करतं?" म्हणून विचारत होते. मी आपलं घरात लहान मूल आहे म्हणून सांगितलं.