वेस्ट्री हॉलवर करदात्यांचा पैसा खर्च करणे योग्य होते का?

दफ्तरदार
व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमधील पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्ती, हा धर्माचा घटक होता, तसाच कारभाराचाही होता. पट्टी बसवणारी करदात्यांची सभा चर्चमध्ये धर्मगुरूंचे झगे ठेवण्याच्या खोलीत भरत असे आणि त्या खोलीचेच 'वेस्ट्री' हे नाव पुढे सभेला पडले. १८५० च्या कायद्याने दोन हजारांहून अधिक वस्तीच्या पॅरिशांना सभा चर्चबाहेर नेण्याची आणि पगारी कारकून नेमण्याची वाट मोकळी झाली. पुढे १८५५ च्या कायद्याने लंडनच्या वेस्ट्रींना निवडून आलेल्या संस्थांचे रूप मिळाले, आणि शोरडिच, चेल्सी, हॅम्पस्टेड येथे त्यांचे स्वतंत्र हॉल उभे राहिले. हा खर्च आवश्यक होता असे माझे ठाम मत आहे.

पॅरिशची जुनी पेटी डोळ्यांसमोर आणावी. जाड ओकची फळी, तीन कुलपे, एक किल्ली धर्मगुरूकडे आणि उरलेल्या दोन चर्चवॉर्डनांकडे, म्हणजे चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या गावकऱ्यांकडे. तिघे एकत्र आल्याशिवाय ती उघडत नसे. दफ्तर असे चर्चमध्ये बंद असताना बाप्टिस्ट किंवा क्वेकर अशा, अधिकृत चर्चबाहेरील ख्रिस्ती पंथाच्या करदात्याने आपल्याच पैशाचा जाब विचारायला कोणत्या दारात जायचे? एसेक्समधील ब्रेनट्री येथे १८३७ मध्ये वेस्ट्रीच्या बहुमताने चर्चपट्टी (चर्चच्या देखभालीसाठीचा कर) नाकारली; तो वाद हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत जाऊन १८५३ मध्ये बहुमताच्या बाजूने मिटला, आणि सक्तीची चर्चपट्टी रद्द व्हायला १८६८ उजाडले. सर्वांची चावडी सर्वांना मोकळेपणाने येता येईल अशा जागीच हवी.

नदीकाठ
जागा चर्चबाहेर हवी, हे दफ्तरदार यांचे म्हणणे मान्य. परंतु तेवढ्याने भव्य हॉलचे समर्थन होत नाही. पूर्व लंडनमध्ये घरे स्वस्त आणि गरीब अधिक, त्यामुळे तेवढीच रक्कम उभारण्यासाठी तेथे मालमत्तेच्या मूल्यावर पौंडामागे जास्त पट्टी द्यावी लागे. पश्चिमेकडील श्रीमंत पॅरिशमध्ये ती थोड्या पेन्सांत भागे (पेनी म्हणजे तेव्हा पौंडाचा २४० वा भाग). १८६७ च्या सामायिक निधीने गरीबपोषणाचा काही भार वाटला गेला, पण पट्ट्यांच्या समानीकरणाचा कायदा १८९४ मध्ये आला. तोवर प्रत्येक विटेचा भार लहान दुकानदारावर पडत होता. शिवाय १८५५ च्या कायद्याप्रमाणे सभासद होण्यासाठी साधारण ४० पौंड, गरीब पॅरिशमध्ये २५ पौंड, वार्षिक मूल्याची जागा ताब्यात असावी लागे. म्हणजे इमारतीचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांच्यात भाड्याच्या एका खोलीत राहणारा कोणी नव्हता. त्या खोलीची पट्टी मात्र भाड्यातून वसूल होत होती.

माळरान
दोघेही लंडनबद्दलच बोलत आहेत, म्हणून खेड्यांकडे लक्ष वेधतो. १८९४ च्या कायद्याने खेड्यांत निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिली आल्या. त्यांना सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेची खोली सभेसाठी विनामूल्य मिळे. दारूच्या परवान्याच्या जागेत सभा घेण्यास मनाई होती, दुसरी योग्य जागा वाजवी खर्चात मिळत नसेल तरच सूट. पौंडामागे ३ पेन्सांपेक्षा अधिक भार पडेल असा खर्च गावसभेच्या संमतीशिवाय करता येत नसे. स्वतःची इमारत नसतानाही हिशेब चोख राहू शकतो, हे त्या कायद्यानेच गृहीत धरले होते.

दफ्तरदार
खेड्याची गोष्ट रास्त आहे. वर्षातून मोजक्या सभा घेणाऱ्या कौन्सिलीला शाळेची खोली पुरते. शोरडिचला ती पुरली नसती. तेथे गटारे, रस्ते, आरोग्य अधिकारी, नकाशे आणि करवसुलीच्या वह्या यांचा पसारा रोजचा होता. १८६६ मध्ये हॉल बांधणाऱ्या याच वेस्ट्रीने १८९७ मध्ये कचरा जाळून वीज निर्माण करणारे केंद्र सुरू केले. इतके काम पेलणारी यंत्रणा कायमच्या कचेरीशिवाय उभी राहत नाही. नदीकाठ यांचा पट्टीविषयीचा आक्षेप मला पटतो, पण तो दोष पट्टीच्या वाटणीचा होता, इमारतीचा नव्हे.

नदीकाठ
वाटणी अन्यायाची आहे हे ठाऊक असताना खर्चाचा आकडा ठरवणाऱ्याची जबाबदारी हलकी होत नाही, उलट वाढते. वीजकेंद्राने रस्त्यांना दिवे दिले. त्याचा खर्च आणि सभागृहाच्या सजावटीचा खर्च मी एका ओळीत मांडणार नाही. कारकुनाची खोली, दफ्तरासाठी कोरडी आणि आगीपासून सुरक्षित कोठडी, करदात्याला बसायला बाक, एवढ्यावर कोणाचाच आक्षेप नव्हता. त्यापुढील प्रत्येक पौंडासाठी करदात्यांची वेगळी संमती घ्यायला हवी होती, जशी पुढे खेड्यांत ३ पेन्सांच्या वर घ्यावी लागली.