काउंटीच्या संघटनेची वर्गणी आपल्या खिशातून का?

केटीकर:
टेक्सासात घर असलेल्यांसाठी हा धागा. बाकीच्यांनीही यावं, भांडायला माणसं कमी पडायला नकोत.

इथे राज्याचा इन्कम टॅक्स नाही, म्हणून सगळा राग घरावर निघतो. घराच्या कराच्या बिलात शाळेचा वाटा सगळ्यात मोठा, पण काउंटीचा, म्हणजे इथल्या जिल्ह्याचाही असतोच. त्यातूनच 'टेक्सास असोसिएशन ऑफ काउंटीज' या काउंट्यांच्या संघटनेची वर्गणी जाते. कमिशनर्स कोर्ट म्हणजे काउंटी चालवणारं निवडून आलेलं मंडळ. त्याच्या बैठकीच्या अजेंड्यात 'कन्सेंट' नावाचा एक गठ्ठा असतो. प्रवासाची बिलं, जुन्या गाड्यांचा लिलाव आणि मध्येच कुठेतरी सभासद वर्गण्या. एकजण ठराव मांडतो, दुसरा दुजोरा देतो, अख्खा गठ्ठा एका दमात मंजूर. चर्चा शून्य.

आणि या संघटना करतात काय? २०१९ साली राज्याच्या विधिमंडळात सिनेट बिल २ आलं. आधीपासून असलेल्या मालमत्तांवरचं काउंटीचं कराचं उत्पन्न वर्षाला साडेतीन टक्क्यांहून जास्त वाढवायचं असेल तर मतदारांना विचारा, हा त्यातला मुख्य मुद्दा. आधी ही मर्यादा आठ टक्के होती. काउंट्यांची बाजू घेणारे बरेच जण त्याच्या विरोधात उभे राहिले. म्हणजे माझा टॅक्स वाढवायची मुभा टिकावी म्हणून भांडायला पैसा पुन्हा माझाच.

मिडलंडचा डॉक्टर:
केटीत बसून हे बोलायला सोपं आहे. तुमच्या शेजारच्या, ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत २०२० मध्येच ४७ लाख माणसं होती. त्यांना स्वतःचे वकील आहेत, स्वतःची माणसं राजधानीत, ऑस्टिनला आहेत. इकडे आमच्या पश्चिमेला लव्हिंग काउंटी आहे. २०२० च्या जनगणनेत तिथे ६४ माणसं निघाली. हो, चौसष्ट. आपल्याकडच्या एका चाळीत जास्त भरतील. राज्यात अशा लहानमोठ्या २५४ काउंट्या आहेत आणि कायदा सगळ्यांना जवळपास तोच.

लहान काउंटीतला काउंटी जज म्हणजे काय, हे शहरात कळत नाही. बजेट तोच मांडणार, मृत्युपत्रांची प्रकरणं तोच ऐकणार, वणवा लागला की आपत्कालीन प्रमुखही तोच. राज्यघटनेची अट इतकीच की त्याला राज्याच्या कायद्याची चांगली माहिती हवी. वकील असायलाच हवा असं नाही. काल गुरं राखणारा माणूस आज खुर्चीत बसतो आणि समोर दोन भावांचं मृत्युपत्रावरून भांडण येतं. तो फोन कोणाला करणार? संघटनेच्या कायदा हेल्पलाइनलाच. कमिशनरला दर वर्षी १६ तासांचं प्रशिक्षण कायद्यानेच सक्तीचं आहे, तेही बहुतेकदा या संघटनांच्याच परिषदांत होतं.

शिवाय विमा. तुरुंगात कैदी दगावला आणि दावा लागला तर लहान काउंटीचं कंबरडं मोडतं. म्हणून अनेक काउंट्यांनी मिळून सामायिक विमा निधी उभा केला आहे. खाजगी कंपनी अशा काउंटीला दारात उभं करणार नाही.

केटीकर:
डॉक्टर, हेल्पलाइन घ्या, विमा घ्या, प्रशिक्षण घ्या. कोण नको म्हणतंय? माझा आक्षेप लॉबिंगला, म्हणजे आमदारांवर दबाव टाकण्याला आहे. ते वेगळं काढा आणि ज्याला हवं त्याने स्वतःच्या पदरचे भरावेत.

कलमवाला:
केटीकर, राज्याच्या लोकल गव्हर्नमेंट कोडचं कलम ८९.००२ वाचलंत का? तुम्ही मागताय ते त्यात बऱ्यापैकी आहे. सभासदत्वाला कमिशनर्स कोर्टाचं बहुमत हवं. संघटनेने राजकीय प्रचाराला पैसा द्यायचा नाही. विधिमंडळापुढे असलेल्या बिलावर प्रभाव टाकायचा नाही. आणि हे मोडलं तर वर्गणी भरणाऱ्या काउंटीतला कोणीही करदाता कोर्टात जाऊन मनाईहुकूम मागू शकतो.

केटीकर:
वाचलंय, आणि त्यातली फटही पाहिली आहे. आमदाराला 'माहिती' द्यायला मुभा आहे. त्याने किंवा समितीने बोलावलं तर समितीपुढे जायलाही मुभा आहे. बोलावणं कसं येतं हे काय मला माहीत नाही? ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं.

२०१९ मध्येच करदात्यांच्या पैशातलं हे लॉबिंग बंद करायचं बिल सिनेटने मंजूर केलं होतं. हाउसमध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात पडलं. नंतरही सिनेटने अशी बिलं पाठवली, हाउसमध्ये अडकली. का अडकतात?

मिडलंडचा डॉक्टर:
कारण हाउसमधल्या कितीतरी जणांच्या मतदारसंघात आमच्यासारखी गावं आहेत. विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा भरतं, १४० दिवस. इतके दिवस आमचा कमिशनर रस्ते सोडून ऑस्टिनला जाऊन बसणार का? तेल कंपन्यांची माणसं मात्र रोज तिथे असतात. तुमचा कायदा झाला तर बोलायचे बंद होणार फक्त आम्ही.

आणि राज्य काय करतं? गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील द्या म्हणून सांगतं आणि त्यातला बहुतेक खर्च काउंटीच्या गळ्यात घालतं. हुकूम ऑस्टिनचा, बिल आमच्या नावावर, आणि वर साडेतीन टक्क्यांची वेसण. याच्या विरोधात कोणी बोलायचंच नाही?

देशपातळीवरचं उदाहरण देतो. २०२० च्या कोविड मदतीत ज्या काउंटीची लोकसंख्या पाच लाखांच्या वर, तिलाच केंद्राचा पैसा थेट मिळाला. बाकीच्यांनी राज्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. 'नॅशनल असोसिएशन ऑफ काउंटीज'ने पाठपुरावा केला आणि २०२१ च्या कायद्यात ६५.१ अब्ज डॉलर लहानमोठ्या सगळ्या काउंट्यांना थेट आले. हे लॉबिंग नाही तर काय? आणि वाईट काय झालं?

सदाशिवपेठी मावशी:
पुण्यातून नाक खुपसते. आमच्याकडे सरपंचांच्या संघटना आहेत आणि दबाव टाकला की काम होतं. २०२४ च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळाने सरपंचांचं मानधन दुप्पट केलं, लहान गावात तीनचं सहा हजार. छान झालं, तीन हजारांत काय होतं? पण २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि वर्षानुवर्षं प्रशासकच कारभार बघत राहिले. तेव्हा मानधनाइतका जोर कुठे दिसला नाही हो. मुंबईला नीट जाऊन बसणारी माणसं असती तर निदान आरडाओरडा झाला असता. वर्गणी भरा बाई तुम्ही, स्वस्त पडेल.

खडूस:
मावशींनीच मुद्दा सांगितला आणि त्यांनाच दिसला नाही. मानधनासाठी संघटना धावते, निवडणुकीसाठी नाही. कारण संघटना पदावर बसलेल्यांची असते. इथे तरी वेगळं काय? पैसे काउंटीचे, पण संघटनेच्या बोर्डावर कोण? जज, कमिशनर, शेरिफ, क्लार्क, ट्रेझरर. रहिवाशाला जागा नाही. या लोकांचं आणि आमचं हित बहुतेक वेळा एकच असतं, तेव्हा वाद नाही. कराच्या मर्यादेवर ते फाटतं. तिथे काउंटीच्या नावाने अधिकारी बोलतात आणि आमची सही गृहीत धरतात.

मिडलंडचा डॉक्टर:
त्या अधिकाऱ्यांना निवडून कोणी दिलं? आकाशातून पडले का?

खडूस:
निवडून दिलं काउंटी चालवायला. ऑस्टिनला काय बोलणार, हे मत मागताना एकाने तरी सांगितलं होतं का?

केटीकर:
खडूसशी सहमत. पुढच्या बैठकीत जाऊन एकच मागणार आहे: वर्गणी कन्सेंटच्या गठ्ठ्यातून बाहेर काढा, स्वतंत्र मतदान घ्या, आणि संघटनेने गेल्या अधिवेशनात कुठल्या बिलांवर काय 'माहिती' दिली ती यादी सोबत जोडा.

कलमवाला:
जा. बोलायचं असेल तर बैठक सुरू व्हायच्या आधी फॉर्म भरून द्यावा लागतो आणि मोजून काही मिनिटंच मिळतात. भाषण नको, कलम आणि मागणी एवढंच बोला.

मिडलंडचा डॉक्टर:
यादी मागा, त्याला माझीही हरकत नाही. आमच्याकडेही मागतो. पण वर्गणी बंद करा असं म्हणाल तर आमच्या जजचा फोन कोण उचलणार, हे लिहूनच जा.